ट्रंकेतला पंप

४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल मिळालं. दम्याचा तपकिरी पंप अगदी शाबूत आला. माझ्या गुणी भावजयीने तो मोज्यात गुंडाळला होता, ते मोजेही मी लगेच घातले. दर दोन महिन्यांनी न चुकता पाठवतोस. तोंडावर कौतुक केलं तर डोक्यावर बसशील, म्हणून पत्रातच करते. तुझ्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं.

दुकानात शाळेच्या गणवेशांचा हंगाम सुरू झालाय. दिवसभर कॉलर आणि खिसे. कटिंग मास्तर गठ्ठे आपटतात आणि सगळीकडे तंतू उडतात. मी म्हटलं, मास्तर, जरा हळू, तर म्हणतात, कापड आहे, बाळ नाही. पंप ट्रंकेत ठेवलाय, नव्या चादरीच्या घडीत, आधीच्या दोन पंपांशेजारी. अडीअडचणीला जवळ असलेला बरा. रोजचं माझं निळ्या पंपावर भागतं.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. मशिनच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. पोरीला सांग, तिचं पत्र मिळालं. हल्ली अक्षर फार मोठं काढते, मला वाचायला सोपं जातं.

लोभ असू दे, आणि उत्तराला उशीर केलास तर कान पिळेन.
तुझी,
ताई

१६ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. ताई, निळा पंप दम लागल्यावर घ्यायचा, आणि तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, दम लागूच नये म्हणून. डॉक्टरांनी माझ्यासमोर तुला सांगितलं होतं आणि तू शहाण्यासारखी मान डोलावली होतीस.

आपलं घरच असं. चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की म्हणायचं, घरचेच आहेत, साधे चालतील. बाबांचे नवे बूट आठवतात? लग्नकार्याला म्हणून जपले, आणि काढले तेव्हा तळ सुटून हातात आला. तुझा श्वास म्हणजे पाहुण्यांचे कप नव्हेत गं.

पैशांचा विचार करू नकोस. डेपोत नादुरुस्त गाड्या इतक्या आहेत की जादा काम मागावं लागत नाही. आमचं छान चाललंय. पत्र खाली ठेव आणि आधी ती चादर उलगड. माझी शपथ आहे.

लोभ आहे, त्यात थोडा राग मिसळलाय एवढंच.
तुझा,
धाकटा

१२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सरकारी दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले, लिहायला आज बसले. घाबरू नकोस, आता बरी आहे. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी गठ्ठे सोडताना धाप लागली, आणि निळा पंप संपलेला. कटिंग मास्तरांनी मला कापडाच्या हातगाडीवर घातलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत स्वतः ढकलत नेलं. कापड आहे, बाळ नाही म्हणणारा हा माणूस वाटभर एकच म्हणत होता, "ताई, डोळे मिटायचे नाहीत." त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता खरं सांगते. पंप कसा घ्यायचा ते मला ठाऊक होतं. पण तुझी पोर लिहून गेली होती, की नवा चष्मा येईपर्यंत बाई तिला पहिल्या बाकावर बसवतात. तो चष्मा दर पार्सलला पुढे ढकलला जातोय, एवढं मला कळतं. म्हटलं, थोडे साठले की तुला कळवीन, आता पाठवू नकोस, पुष्कळ आहेत. फोनही त्याचसाठी टाळत होते. दोन वाक्यांत माझी धाप तुला कळली असती.

नर्सबाईंनी आधी झापलं, मग पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, हाच पंप इथे फुकट मिळतो. मी म्हटलं, फुकट खरा, पण दोन बस बदलून यायचं, दिवस रांगेत जातो, खाडा पडला की मजुरी बुडते, आणि त्या दिवशी औषध आलेलं असेलच असं नाही. मास्तर ऐकत होते. त्यांनी दुकानात विषय काढला, तर बटणवालीला साखर, इस्त्रीवाल्याला रक्तदाब, मास्तरांच्या आईला माझ्यासारखाच दमा. जो तो गुपचूप अर्ध्या गोळीवर दिवस ढकलत होता. आता ठरलंय, दर महिन्याला एकाने सगळ्यांची दवाखान्याची कार्डं घेऊन औषधं आणायला जायचं आणि बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं. नर्सबाईंनी मानलं, तपासणीला मात्र ज्याचं त्याने यायचं. या खेपेला इस्त्रीवाला गेला. त्याची इस्त्री मी केली आणि दोन कॉलर जाळल्या, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

ट्रंक उघडली. एका पंपाची मुदत उलटून गेली होती, फार वाईट वाटलं. दुसरा वापरायला घेतलाय, आणि तिसरा दवाखान्यात औषध नसेल त्या महिन्यासाठी. तू आता पाठवू नकोस. आधी पोरीला चष्मा.

लोभ कमी करू नकोस, मी खोटं बोलले असले तरी.
तुझी,
ताई

२८ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल उघडलं तर आत मोज्यात गुंडाळलेला तपकिरी पंप. म्हटलं, परत पाठवला की काय हिने. हलवला, दाबला, काहीच नाही. पार रिकामा. मग तो हातात घेऊन बसून राहिलो. रिकामी वस्तू मिळाली म्हणून रडलेला आपल्या घरातला मीच पहिला. तुझ्या भावजयीने पाहुण्यांचे कप काढले आणि आम्ही तिघांनी त्यातून चहा घेतला.

रविवारच्या फोनवर तू मास्तरांपासून दुकानाच्या मालकिणीपर्यंत सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्यास, मध्ये एकदाही न थांबता. मी नुसतं हं हं म्हणत होतो. तू काय सांगितलंस ते फारसं आठवत नाही, मी तुझा श्वास ऐकत होतो. मास्तरांना माझा नमस्कार सांग. त्यांचे पाय धरायला मी येणार आहे.

सोबत पोरीचं पत्र आहे. अक्षर बघ, केवढं बारीक काढलंय.

लोभ आहेच. तो मात्र ट्रंकेत ठेवू नकोस, रोज वापर.
तुझा,
धाकटा