आत्याचं दुसरं वर्ष

४ जुलै

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

तुझी आत्या तेवीस वर्षांनी पुन्हा कॉलेजात गेली. वर्गात शिरले, तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना मी शिकवायला आलेली बाई वाटले. मीही त्यांना बसायला सांगितलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन तोंड लपवलं.

दुसरं वर्ष अर्धवट सोडून शिवणयंत्राला जुंपले, तेव्हा वाटलं होतं, अभ्यास कुठे पळून जातोय! पळाला की. तीन दिवस खपून चार रंगांत वेळापत्रक केलं. दुपारी जेवून दुकानाचं शटर अर्धं ओढते, पुस्तक उघडते आणि गिऱ्हाईक खाकरलं की जागी होते.

संख्याशास्त्राने तर घाम फोडलाय. तू हा विषय केलायस, काही युक्ती सांग. दादा म्हणत होता, नापास झाल्यापासून तू खोलीबाहेर येत नाहीस, आणि पंचवीस तारखेच्या आत फेरप्रवेशाचा अर्ज भरला नाहीस तर कॉलेज कायमचं सुटेल. त्याबद्दल मी काही विचारत नाही. मला माझ्या पास होण्याची पडली आहे.

लोभ आहेच, उत्तर पाठवून तो वाढव.
आत्या

९ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बुडालेल्याकडे पोहणं शिकायला येणारी तूच पहिली. संख्याशास्त्रात मला शंभरात एकोणीस आहेत, त्यातले चार दयेचे. बाबांनी तुला लिहायला लावलंय, हे न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही.

तरी सांगते. यातलं मी स्वतः काहीच केलं नाही, म्हणजे ते बरोबरच असणार. वेळापत्रक फाड. जेवल्यावर बसू नकोस. सकाळी दुकान उघडण्याआधी पाऊण तास बस. दोन पानं वाच, पुस्तक मिट, आठवेल तेवढं लिही. मी नुसत्या ओळी पिवळ्या करत बसायचे. परीक्षेपर्यंत अख्खं पुस्तक पिवळं झालं, डोकं कोरंच राहिलं.

अर्जाचं खरंच विचारू नकोस. मागच्या पोरांबरोबर बसायची लाज वाटते.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
मिरची

१५ जुलै

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

दादाने लिहायला लावलं हे खरं. पण मला काही येत नाही, हेही तितकंच खरं. वेळापत्रक फाडवेना, म्हणून त्याचा बाहीचा साचा कापला. आता सकाळी बसते. पुस्तक मिटून लिहायला घेतलं, तर पहिल्या दिवशी दीड ओळ आठवली. काल पाच आल्या.

एक अडलंय. सरासरी म्हणे सगळ्यांची प्रतिनिधी. अगं, दहा गिऱ्हाइकांच्या सरासरी मापाची विजार शिवली, तर ती एकालाही धड बसायची नाही! मग काढायची कशाला? सरांना हे विचारलं, तर सगळा वर्ग हसला. चोवीसला चाचणी आहे, तूच समजावून लिही.

लाजेचं म्हणशील, तर शेजारच्या मुलीने परवा मला काकू म्हणून हाक मारली आणि फाटकं दप्तर शिवून घेतलं. मेले का मी?

राग नाकावर ठेव, पण पत्र धाड.
आत्या

२१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या विजारीने डोकं खाल्लं. उत्तर लिहायला प्रकरण उघडलं, तर ते मलाच कळलेलं नव्हतं. चार कागद फाडले, तेव्हा उजेड पडला. सरासरी एकटी कामाची नाही; माणसं तिच्यापासून किती लांब पसरलीत, तेही काढायचं असतं. सोबत सहा पानं आहेत. शेवटचं लिहिताना मला रडू आलं. आत्या, मला हे येतं गं!

आज अर्ज भरून आले. बाबांना अजून सांगितलं नाही, ते जगभर करतील.

आशीर्वाद असू दे, चाचणीत तुलाही लागेल.
मिरची

३० जुलै

ती. गुरुबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमची पानं चाचणीनंतर चार दिवसांनी पोचली. शंभरात सतरा मिळाले होते. घराण्यातला नीचांक आता माझा. सरांनी पेपर हातात दिला, तशी मी घरी आले आणि सगळी पुस्तकं चिंध्यांच्या पेटीत कोंबली. या वयात ही थेरं पुरे, असं दादाला कळवणार होते. अर्धं पत्र लिहूनही झालं होतं.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं आणि पेटीजवळच बसून पोटभर रडले. तुला हात द्यायचा म्हणून मी लिहीत होते. बुडत मीच होते, मिरचे, आणि वर ओढून तू काढलंस.

पुस्तकं झटकून टेबलावर ठेवली आहेत. उद्या सकाळी पहिल्या प्रकरणापासून पुन्हा बसते. तूही बस.

चुकले तर कान धरावा, पण हात सोडू नये.
आपली विद्यार्थिनी,
आत्या