आफरगान, पदान आणि एक मनाई

मी गुलबाई, पारशी धर्मगुरू मरहूम एरवद कावसजी पंथकी यांची विधवा, वय अदमासे एकाहत्तर, राहणार हिंगोली. पाय थकले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीला घातलेलं नाही, माझ्या मनाने लिहिते. मराठी मी शेजारच्या सत्यभामाबाईच्या पोरांच्या पाटीवरून शिकले, चूकभूल सांभाळून घ्यावी.

घर माझा पुतण्या फरामरोज याला द्यावं. रक्ताचा तोच एक उरला. पण आफरगान त्याला मिळणार नाही. यजमान दुवा करताना ज्यात अग्नी पेटवीत, ते हे पात्र. फरामरोज ते बघून म्हणाला, "काकी, मोडीत टाका." तिथेच त्याचा हक्क संपला.

आफरगान, त्याचा चमचा आणि चिमटा माणिकराव वकिलांनी स्वतः रेल्वेने नेऊन सिकंदराबादच्या अगियारीत द्यावीत. नेण्याआधी आफरगान राखेने घासावं, चिंच लावू नये. इथल्या कापसाच्या जिनिंगमधली पारशी मंडळी गेली, यजमानही गेले. आता इथे त्यात अग्नी पेटवणारं कोणी नाही.

राहिलं एक लहान पदान. आमचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, अग्नीसमोर तोंडावर हा पांढरा कपडा बांधतात, श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून. हे मी आमच्या मुलासाठी, जालसाठी शिवलं होतं. मोठेपणी तो बापाशेजारी दुवेला बसणार होता. तापाने गेला. कपडा अजून कोरा आहे.

त्याच्या वर्षदिवशी दुवा करता करता यजमानांना रडू कोसळलं. दुवा अडली, निखारे काळे पडू लागले. दारातून बघत उभी असलेली सत्यभामाबाई धावत आत आली आणि चुलीला घालतात तशी फुंकर घातली. यजमान कडाडले, "बाहेर हो. पुन्हा हा उंबरा ओलांडायचा नाही."

ती एवढंच म्हणाली, "दस्तूरबाबा, इस्तू इझून राहिला व्हता. लेकराचं काम अधुरं काहून ठिवावं?"

ती पुन्हा आत आली नाही. पण शेळ्या वळवून आणताना बाभळीची वाळकी लाकडं पायरीवर ठेवून जायची. यजमान ती मुकाट उचलायचे. शेवटच्या दुखण्यात म्हणाले, "त्या बाईच्या लाकडांना धूर होत नाही." त्यांना याहून जास्त बोलता आलं नाही.

जालचं पदान सत्यभामाबाईला द्यावं. मी गेल्यावर चौथ्या दिवशी तिने माझ्या चहाच्या शेगडीत लोबान जाळावा. निखारा विझू लागला तर खुशाल फुंकावं.

आधीचं मृत्युपत्र नाही, त्यामुळे रद्द करायचं ते एकच. मी हे लिहून राहिले आहे आणि ती बाहेर पायरीवर बसली आहे. आत ये म्हटलं तर म्हणते, "न्हाई गुलबाई, बाबानं मना केलं हाय. ते असते तं त्यायलेच इचारलं असतं." तरी या घराची मालकीण म्हणून यजमानांची ती मनाई मी आज साक्षीदारांसमक्ष रद्द करते. फरामरोजवरही हे बंधनकारक राहील.

मुक्काम हिंगोली, तारीख १२ जानेवारी १९४२
सही: गुलबाई कावसजी पंथकी

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. त्या वेळी सत्यभामाबाई आत, गुलबाईंच्या शेजारी बसून होत्या.
साक्षीदार: माणिकराव व्यंकटराव, वकील
साक्षीदार: लिंबाजी मसाजी, राहणार नरसी