उतरत्या छताचा रंग

दादा,

मी कामावर निघाले. बाबांचं खाणं झालंय, दुपारची गोळी तेवढी तू दे. रंगारी चार वाजता येतोय आणि त्याला रंग कोणता ते आजच सांगायचंय.

पलंगावर पडल्या पडल्या बाबांना उतरतं छतच दिसतं, म्हणून मी त्यावर चार रंगांचे पट्टे मारून ठेवलेत. बोलता येत नसलं तरी मान हलवतात, म्हटलं स्वतःच्या खोलीचा रंग स्वतः निवडतील. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. काल एकेक पट्टा दाखवला. पिस्त्याला हो, निळ्याला हो, चारींना हो. दमले असतील म्हणून आज सकाळी परत विचारलं. तेच.

मग मी मुद्दाम विचारलं, भिंती पांढऱ्या ठेवून उतारावर गडद तांबडा मारू का? त्यालाही हो. तुला आठवतं ना, असलंच काहीतरी सुचवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरातून ते डबे-ब्रश उचलून चालते झाले होते. ‘उताराला भिंतीचाच रंग द्यायचा, नाहीतर छत छातीवर बसतं’ म्हणाले होते.

मला काही सुचेनासं झालंय. रंग तू ठरव, कुठलाही चालेल. फक्त त्याआधी तांबड्याचं त्यांना पुन्हा एकदा विचार. तुमचं दोघांचं कायम वाजायचं. तुला कदाचित नाही म्हणतील.