कारण: थांब म्हटलं तरी थांबत नाही

३ ऑगस्ट, रविवार. भिवंडी.

आजपासून रोजनिशी. तशी परवाच सुरू केली होती, पण ती चमकत्या पाटीवर. पेनानं लिहायचं, बटन दाबलं की सगळं साफ, कागदाची बचत. मनातलं सगळं लिहिलं आन् उशाला घेऊन झोपलो. झोपेत कोपर लागला बटनाला. आता साधी वही आणलीय. टेक्नॉलॉजीचा दोष न्हाई, कोपराचा हाय.

संकल्प. दिवाळीच्या आत लग्न जमवायचं. पुढल्या वर्षी अहमदपूरला बसस्टँडसमोर दुकान टाकायचं, 'सत्यम स्मार्ट वर्ल्ड'. आन् रोज भरपूर पाणी प्यायचं. त्यासाठी स्मार्ट बाटली घेतलीय, तासातासाला लाल दिवा लावून पाणी प्या म्हणती. आमच्या खोलीत नळ एक दिवसाआड येतो, हे तिला अजून समजलं न्हाई.

५ ऑगस्ट

माझ्या कामाबद्दल लिहून ठेवतो. पुढं पेपरवाले मुलाखतीला आले तर कामाला येईल.

लोकांनी ऑनलाइन मागवून परत केलेला माल आमच्या गोडाऊनला येतो. मी माल वाहून आणणाऱ्या पट्ट्यापाशी बसतो. पार्सल उघडायचं, वस्तू बघायची, परत कामून केली ते कारण वाचायचं. मग स्क्रीन विचारती, कारण बरोबर आहे का? येस किंवा नो. मग ग्रेड द्यायचा, ए, बी न्हाईतर सी. सी म्हंजी जवळजवळ भंगार, ते स्टाफला पडत्या भावात मिळतं.

मी बहुतेक नोच दाबतो. लोकांना वस्तूची किंमत न्हाई. आज एक आपोआप ढवळणारा मग आला. कारण: चहा अंगावर उडाला. झाकण लावायचं की बाबा. गळ्यात घालायचा पंखा आला. कारण: केस अडकले. केस कापायचे. पाठ वाकली की गुरगुरणारा पट्टा आला. कारण: सासूबाईंना आवाजाचा त्रास होतो. हे काय कारण झालं? नो.

आमचे सुपरवायझर गुरुपादप्पा भालकीकडले. म्हणले, सत्या, तू माल तपासायला बसलायस का गिऱ्हाइकाशी भांडायला? मनुष्य चांगला हाय, पण दूरदृष्टी न्हाई.

१० ऑगस्ट

लई मोठी बातमी. हणमंतमामाचा फोन. उदगीरचं स्थळ आलंय. पोरीचं नाव वैष्णवी, डी.फार्म झालीय, तिथंच एका मेडिकलमध्ये काम करती. फोटो बघितला. पुन्हा बघितला. बायोडाटात बघायचं काय ते एवढंच.

मामा विचारायले, तुझ्या नोकरीपुढं काय लिहू? मी म्हणलो, 'ऑटोमेशन इनचार्ज'. मामा म्हणले, खरं हाय का रं हे? मी म्हणलो, पट्टा ऑटोमॅटिक हाय, आन् माझ्यापुढं जे येतं त्याचा इनचार्ज मीच. शिक्षणाच्या रकान्यात 'अनुभव' लिहा म्हणलो. आठवीनंतर शाळा सुटली, शिकणं सुटलं न्हाई.

पोरीकडले महालक्ष्म्या येतात त्या दिवशी येणार, ३१ तारखेच्या रविवारी. दर्शनाला आलो म्हणायचं आन् घर बघून घ्यायचं, अशी आमच्याकडं रीत हाय. कोण कुणाला बघायलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं आन् सगळे आरास बघतात.

सुट्टी मागितली. सणाचा सेल हाय, न्हाई मिळणार. काही बिघडत न्हाई. मी नसलो तरी माझं घर बोलंल.

१४ ऑगस्ट

नशीब आपसूक पट्ट्यावरून चालत आलं. झाडणारा रोबोट! गोल, चपटा, झाडतो आन् खाली ओलं फडकं लावून पुसतो बी. मोबाइलवरून कुठूनबी चालू होतो. कारण लिहिलेलं: थांब म्हटलं तरी थांबत नाही.

हासूच आलं. आमच्या गावात माणसं चल म्हणलं तरी चालत न्हाईत, आन् हे थांबत न्हाई म्हणून परत? नो दाबलं. सी ग्रेड मारला आन् मीच घेतला. सोबत एक कॅमेरा, त्यातून ऐकू बी येतं आन् आपल्याला बोलता बी येतं. दोन्ही ट्रॅव्हल्सच्या डिकीतून अहमदपूरला रवाना.

१८ ऑगस्ट

तनुजानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, सगळं बसवलं. कॉलेजला हाय, पण हुशारीत माझ्यावर गेली. कॅमेरा बैठकीत कोपऱ्यात. आता इथं बसून घर दिसायलंय. नाना, म्हंजी माझे वडील, भिंतीला टेकून बसलेले, तोंडात तंबाखू. मी कॅमेऱ्यातून आवाज दिला, नाना, थुकायचं तर बाहेर जावा.

नाना दचकले. वर बघितलं. मग आजोबाच्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं, हात जोडले आन् निमूट बाहेर जाऊन थुकून आले. चाळीस वर्षांत माय जे करू शकली न्हाई ते मी एका वाक्यात केलं.

१९ ऑगस्ट

तनुजानं नानांना खरं सांगून टाकलं. नानांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. म्हणले, बापाचं भ्या घातलं त्यानं मला. आता दिसत काही न्हाई, नुसतं ऐकू येतं. ऐकण्यात बी मजा हाय.

२१ ऑगस्ट

रोबोटची ट्रायल. तनुजाचा रिपोर्ट असा. शहाबादी फरशीच्या फटीत दोनदा अडकला. मायनं निवडायला ठेवलेल्या ज्वारीतून आरपार गेला. मायच्या लुगड्याचा पदर ओढला. माय त्याला कासव म्हणती. कासवाला तिनं कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली झाकलं, तर ते डालगं घेऊनच अंगणापर्यंत गेलं. कोंबड्या दोन दिवस डालग्यात जायला तयार न्हाईत.

एकंदरीत ट्रायल यशस्वी. ताकद हाय मशीनमध्ये.

प्लॅन पक्का. पाहुणे दारात येतील. मी इथून बटन दाबीन. पलंगाखालून रोबोट शिस्तीत निघंल, झाडत पुसत पुढं येईल. वैष्णवीला कळंल, या घरात झाडू हातात धरायची गरज न्हाई. उदगीरात कुण्या पोरानं हे दाखवावं. तनुजाला सांगितलं तर म्हणली, दादा, एवढी हौस हाय तर येऊन झाड की. जळती ती.

२८ ऑगस्ट

मायचा फोन. महालक्ष्म्यांची लुगडी आणली, फराळाचं सुरू हाय, मुखवटे घासून ठेवले. म्हणली, सत्या, मला दुसरं काही नको रं. चांगली पोरगी या घरात नांदायला यावी, एवढंच मागायली मी लक्ष्मीला. त्या दिवशी तेवढं तुझं कासव सोडू नकोस. शपथ घे.

शपथ घेतली, सोडत न्हाई म्हणलो.

सोडणार हाय. सरप्राइज सांगून करतात का? तनुजाला सांगून ठेवलंय, फुल चार्ज कर, फडकं ओलं करून लाव आन् पलंगाखाली ठेव. मायला मात्र यातलं काही बोलू नको म्हणलो.

३१ ऑगस्ट, रविवार

गोडाऊनच्या संडासात बसून लिहितोय. फोन कानाला. कॅमेऱ्यावर टॉवेल हाय, त्यामुळं अंधार. पण आवाज यायलेत. गाडी थांबली. मामा खोकले, म्हंजी पाहुणे आले. या, या, नाना म्हणायले. नानांचा एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला न्हाई. ताट वाजायलंय, लक्ष्म्या आत आणायची वेळ दिसती. बायकांचा गलका. वातावरण एकदम तयार हाय.

दाबलं.

जरा वेळानं

माय ओरडली. लई मोठ्यानं. कुणीतरी म्हणलं, धरा त्याला, धरा. मी स्टॉप दाबलं. पुन्हा दाबलं. तेवढ्यात आवाज बंद झाला, तिकडली लाइट गेली असणार. लाइट गेली म्हंजी वायफाय गेलं. फोनवर आलं, डिव्हाइस ऑफलाइन.

पण रोबोट बॅटरीवर चालतो. फुल चार्ज.

गुरुपादप्पा दार वाजवायलेत. म्हणतात, सत्या, जिवंत हायस का?

१ सप्टेंबर

तनुजानं फोन उचलला. जे झालं ते तिच्या तोंडून.

मायनं तुळशीपासून उंबऱ्यावरून थेट लक्ष्म्यांच्या जागेपर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली होती. दरवर्षी काढती. मी विसरलो होतो, ते सालं कुणाच्या लक्षात राहतं पाच वर्षं बाहेर राहिल्यावर. पावलं बाहेरून आत येणारी. लक्ष्मी त्यावरून चालत घरात येती.

कासव पलंगाखालून निघालं ते लक्ष्म्यांच्या पाटापासून सुरू झालं आन् एकेक पाऊल ओल्या फडक्यानं पुसत सरळ दाराकडं गेलं. मागं लाल पट्टा. आतून बाहेर. मुखवटा हातात घेऊन माय उंबऱ्यात उभी, मागं पोरीची आई, मागं पोरगी. शेजारची प्रेमलाकाकू म्हणली, अगं बाई, लक्ष्मी निघाली की बाहेर! कासव मायच्या पायातून पार, पोरीच्या आईच्या पायाला धडकलं, वळलं, पायरीवरून पडलं आन् अंगणात उताणं होऊन चाकं फिरवत बसलं. चाकं लालभडक. नाना काठी घेऊन धावले.

वैष्णवी हासली. तिनं ते उचललं, उलटं करून बघितलं आन् खालचं बटन दाबून बंद केलं. खाली बटन असतं हे मला बी ठाऊक न्हवतं. माय रडायला लागली तर तिच्याजवळ बसून म्हणली, मावशी, लक्ष्मी कुठं गेली न्हाई. आधी घर पुसून घेतलं तिनं. मग दोघींनी मिळून पावलं पुन्हा काढली.

पोरीची आई मात्र साखरेची चिमूट तोंडात टाकून उठली. फराळाला थांबली न्हाई.

हिशोब केला. पोरगी हासली. आमच्या फरशीवर बसली. माझी मशीन स्वतःच्या हातानं उचलली. पसंती अजून कशी असती?

माय फोनवर यायला तयार न्हाई. सणाची गडबड असंल.

५ सप्टेंबर

मामाचा फोन न्हाई. तिकडं चर्चा सुरू असणार. अशा वेळी माणसानं पाऊल पुढं टाकावं. स्मार्ट अंगठी बुक केली. झोप किती झाली, छातीचे ठोके किती, सगळं सांगती. वैष्णवी औषधाच्या लाइनची, तिला कदर असंल. पत्ता मेडिकलचाच टाकला, घरी कुणी उघडलं तर कामून पाठवली विचारतील.

साइझ माहीत न्हवती. बायोडाटातला फोटो मोठा केला आन् स्क्रीनवर तिच्या बोटावर माझी करंगळी ठेवून अंदाज घेतला. अंगठीचं ॲप आधीच माझ्या फोनवर टाकून ठेवलं. तिचे ठोके मला इथं दिसतील.

९ सप्टेंबर

ॲपवर 'डेटा उपलब्ध नाही'. चार्ज केली नसंल.

मामाचा फोन आला. लई ओरडले. साखरपुड्याच्या आधी अंगठी? ती बी कुरियरनं? ती बी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर? अरे सत्या, पोरगी काउंटरवर, समोर खोकल्याचं औषध घ्यायला अर्धं उदगीर उभं, आन् तो डिलिव्हरीवाला मोठ्यानं म्हणतो, अंगठी हाय मॅडम!

पुढं म्हणले, त्या कासवाच्या पोटावर स्टिकर होतं. परत आलेला माल, सी ग्रेड, तपासणी: सत्यम. पोरगी मेडिकलवाली, लेबल वाचल्याबगर काही हातात धरत न्हाई. तिनं तिथंच वाचलं, पण मायसमोर शब्द काढला न्हाई. मला गाडीत म्हणली, मामा, पार्सल उघडायचं काम बी काम हाय, मला चाललं असतं. ऑटोमेशन कशाला लिहिलं?

मी म्हणलो, मामा, आवाज तुटायलाय, आन् फोन ठेवला.

'चाललं असतं' म्हणली. म्हंजी अजून आशा हाय.

१२ सप्टेंबर

ॲप: डेटा उपलब्ध नाही. अंगठी ढिली होत असंल, काढून ठेवली असंल.

माय बोलली आज. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणली, पोरगी चांगली होती रं. पावलं किती सुबक काढली तिनं, पुसवंना मला. अजून उंबऱ्यात हायेत, मी वलांडूनच जाती.

'होती' म्हणली माय.  मी विचारलं, कासव कुठंय. म्हणली, नाना त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवतात.

१७ सप्टेंबर

सेलचा माल पट्ट्यावर उलटा यायला लागला. सकाळी एक गुरगुरणारी उशी, नो. एक दिवा लागणारी चप्पल, नो. मग एक लहान डबी. उदगीर.

सील तोडलेलं न्हाई. वर वैष्णवीचं नाव, मीच टाइप केलेलं, आडनावात चूक. खाली डिलिव्हरीवाल्यानं लिहिलेलं कारण: घेणारी म्हणते, मी मागवलं नव्हतं.

स्क्रीन विचारायली, कारण बरोबर आहे का?

बोट सवयीनं नोवर गेलं. तिथंच राहिलं. माझ्यामागं पार्सलं तुंबली, पट्टा थांबला. गुरुपादप्पा आले, म्हणले, काय झालं रं, भांड की गिऱ्हाइकाशी. मग डबीवरचं नाव वाचलं आन् पाठीवर हात ठेवून गेले.

बाटलीचा लाल दिवा लागला. पाणी प्यालो.

येस दाबलं.