भोंगा कुणी काढला?

८ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! रुग्णाच्या नाडीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राच्या चाचणीत खोटी नाडी थांबवली, पडद्यावर लाल पट्टी आली, पण भोंगा गप्प. मी बांधलेल्या कर्नेलमध्ये, यंत्राच्या प्रणालीच्या गाभ्यात, भोंग्याचा भागच नाही. कुणीतरी काढलाय.

एरवी यंत्र काय पळतंय! कुठलं काम वारंवार होतं ते कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, आधी नुसतं बघायला लावलं, मग त्या बेताने गाभा नव्याने बांधला, नको ते छाटलं. एकोणीस सेकंदांत उठणारं यंत्र आता अकरात उठतं. पुढच्या सोमवारी शुश्रूषागृहातल्या चाळीस खाटांवर जाणार. आईच्याही.

९ मार्च

यंत्र नीट चालावं म्हणून माझ्या यंत्रावर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी गायब! तिथे पिवळी, म्हणजे बिघाडाचा शकुन! साऱ्या तैवानात यंत्रावर पिवळी ठेवतं का कुणी?

माझ्या हाताखालचा काइवेन म्हणाला, "ताई, हिरवीची तारीख उलटली होती. शिळ्या पुडीला यंत्र रुसतं. दुकानात पिवळीच उरली होती."

म्हणजे हा माझ्या यंत्रापाशी होता. मी निवृत्त झाले की खुर्ची याचीच.

१० मार्च

काइवेनला सगळ्यांसमोर विचारलं — भोंग्याची ओळ तू खोडलीस?

"तुमच्या फायलीला हात लावायची कुणाची छाती आहे, ताई? मागे एक स्वल्पविराम हलवला, तर आठवडाभर बोलला नाहीत!"

सगळे हसले. तो नाही हसला. डबाही तसाच बंद ठेवून गेला.

मिशनच्या शाळेत सिस्टर रेजिना म्हणायच्या, "आधी स्वतःची वही बघ, मग शेजारणीची." त्यांच्या बाहीला कापराचा वास यायचा. आज का आठवला?

११ मार्च

स्वतःची वही बघितली.

काय ठेवायचं याची यादी मी आईच्या खाटेजवळच्या यंत्रावरून काढली होती. खरं कामावरचं यंत्र हवं होतं म्हणून. त्या घडीला जे जोडलेलं असतं ते यादीत येतं, बाकीचं छाटलं जातं. एकोणीस फेब्रुवारी, कंदिलांच्या सणाची आदली दुपार. कंपायलरचं बघणं चालू होतं, मला खुर्चीत डुलकी लागली. उठल्यावर यादी काढली. तिच्यात भोंगा नाही!

म्हणजे तेव्हा आईच्या यंत्राला भोंगा जोडलेलाच नव्हता. तीन आठवडे! परिचारिकांना आवाजाचा कंटाळा आला असणार. फोन केला. तिथली परिचारिका अफांग रडकुंडीला आली. "आम्ही कशाला काढू हो? नोकरी जाईल!" खरं वाटलं नाही. यंत्राकडे बघ म्हटलं — भोंग्याची वायर खरंच नव्हती. तिने तिथल्या तिथे दुसरी जोडली.

यादीत भोंगा घातला, कर्नेल पुन्हा बांधलं. वाजला! काइवेनच्या टेबलावर दोन हिरव्या पुड्या ठेवल्या. त्याने एक माझ्या यंत्रावर आणून ठेवली.

१२ मार्च

वायर आईच्या बिस्किटांच्या डब्यात सापडली.

"मीच उपटली," आई म्हणाली. "मेलं सारखं केकाटत होतं. तू खुर्चीत झोपली होतीस, तोंड उघडं टाकून, लहानपणीसारखी. कशाला उठवायचं?"