नळ पूर्ण सोडा, आप्पा

आप्पा,

मी पहिल्या पाळीला निघाले. गॅस गीझर बिघडलेला नाही, आत्ताच पेटवून पाहिला. पाणी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही नळ करंगळीएवढाच सोडता. तेवढ्या धारेला दाब नसतो, आणि दाबाशिवाय आत गॅस सुटत नाही. बादली लावून नळ पूर्ण सोडा. टकटक होऊन जाळ धरेल, घाबरू नका. फार कढत वाटलं तर पाण्याचं बटण 'जास्त'कडे फिरवा. न्हाणीची खिडकी मात्र उघडीच ठेवा, कोंडलेल्या जागेत या जाळानं माणूस गुदमरतो. बादली भरली की नळ बंद करा, जाळ आपोआप विझेल.

आल्यापासून गार पाण्यानं आंघोळ करताय, हे मला शेजारच्या राजश्रीताईंकडून कळलं. "बाप खोकतोय, आन् तू लॅबमधी कसली तापमानं मोजती गं?" म्हणाल्या.

रात्री म्हणालात, "तुझं यंत्र मला वळखत न्हाई, उद्या गावी, राहूला जातो." आता ओळखेल. भरलेली पिशवी दिसली. त्यातले सगळे कपडे मी भिजत घातलेत. वाळेपर्यंत तरी थांबा.

करुणा