सात दिवस हिरवा दिवा

१४ ऑक्टोबर, सकाळी ७
ठरलं. नववर्षाच्या आत अल्दियारला इथे आणायचं. पहिला नातू आजोबांच्या घरी वाढतो, ही आमची रीत. मी तसाच वाढलो. माझा मुलगा मेदेत माझ्या वडिलांकडे वाढला. आता मेदेतचा मुलगा सव्वा वर्षाचा झाला, अंगावरचं दूधही तुटलं. मग अडलंय कुठे? तर म्हणे, आमच्या ओस्केमेन शहराची हवा. सूनबाई झानार तिकडे डोंगरात माहेरच्या अंगणात बसून आमच्या हवेला नावं ठेवते आणि आमचे चिरंजीव शेजारी बसून मान डोलावतात. घरजावई दुसरं काय करणार.

२० ऑक्टोबर
झानारने पोस्टाने एक डबी पाठवली. हवा मोजते. चांगली तर हिरवा दिवा, वाईट तर लाल, फारच वाईट तर जांभळा. सलग सात दिवस हिरवा राहिला तर ती स्वतः मुलाला आणून सोडणार. मेदेतला फोनवर सांगितलं, सात काय, सत्तर देतो. तीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली, मला काय धाड भरली? फोन कट झाला. रेंज गेली असावी.

संध्याकाळी
लाल. डबी नवीन आहे. रुळायला वेळ लागणारच.

३ नोव्हेंबर
थंडी आली, सगळ्या गल्लीने कोळसा पेटवला. लाल. बायको, राइखान, म्हणाली की चिमणी आपल्यालाही आहे. असेल. पण आपला धूर सरळ वर जातो, मी स्वतः पाहिलंय. बाकीच्यांचा खाली येतो.

९ नोव्हेंबर
मोबाइलवर सरकारी मेसेज. आज हवामान प्रतिकूल, खिडक्या लावून घ्या. म्हणजे वारा पडलाय. वाऱ्याने कामचुकारपणा केला तर चिमण्या बिचाऱ्या काय करणार? झानारला हे एकदा नीट समजावलं पाहिजे.

१७ नोव्हेंबर
डबी फ्रिजमध्ये ठेवली. हिरवा! डोकं लागतं त्याला.

दुपारी ३
झानारचा फोन. फार अदबीने विचारलं, बाबा, घरात चार डिग्री कशी काय? डबीतलं सगळं म्हणे तिला मोबाइलवर दिसतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? घरच्या माणसांवर विश्वास म्हणून राहिला नाही.

२ डिसेंबर
आठवडाभर जांभळा. सकाळी पडलेला बर्फ दुपारी राखाडी. राइखानने अल्दियारसाठी मांडलेल्या पलंगाची चादर दोरीवर टाकली, काढली, पुन्हा धुतली, पुन्हा टाकली. सारखी खोकते. लोकरी मोजे घाल म्हटलं. ऐकेल तर शपथ.

११ डिसेंबर
वारा सुटला! हिरवा.

१६ डिसेंबर
सहा दिवस हिरवा. व्याही काबिश यांना मुद्दाम फोन केला. म्हटलं, पोराची काळजी सोडा, आमच्याकडे हवाच हवा आहे. बरं बरं म्हणत ऐकून घेतलं. घेतील नाहीतर काय करतील.

१७ डिसेंबर, दुपारी १२
आज दिवस मावळला की सात पुरे. लेकरू एवढ्या थंडीतून येणार, गरम पाणी नको? अंगणातल्या न्हाणीघराची भट्टी वर्षभर बंद होती, आत्ताच पेटवून पाहिली. कोळसा हात सैल सोडून घातला.

दुपारी १
जांभळा. डबी नेमकी न्हाणीकडच्या खिडकीत होती, यात माझी काय चूक?

२० डिसेंबर
राइखान स्वतःच अल्दियारला आणायला गेली. हे बरं झालं, सासू दारात उभी राहिली की सून नाही म्हणणार नाही. आठ दिवसांत परत. जाताना ती चादर सोबत घेऊन गेली. का, ते विचारायचं राहिलं.

८ जानेवारी
आठाचे एकोणीस दिवस झाले. शेवटी मीच राइखानला फोन केला. खोकला थांबला म्हणाली. मी म्हटलं, छान, मग निघा. तर म्हणते, "पहिला नातू आजी-आजोबांनीच वाढवायचा ना? मी वाढवतेय. तुम्हीपण या इकडे."

व्याह्यांच्या दारात जाऊन राहू? आधी मुलगा घरजावई, आता बापही? काबिशभाऊंनी तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय, म्हणाली. असला अपमान मी खपवून घेणार नाही.

२५ जानेवारी
रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल सुरू केलाय. आपले आजोबा कोण, हे पोराला कळायला नको? आमच्या घराण्यातल्या सात पिढ्यांची नावं त्याला म्हणून दाखवतो. तिसऱ्या-चौथ्या नावाला थांबून पाणी प्यावं लागतं. नावं लांब आहेत.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
अल्दियार बोलायला लागला! राइखानने त्याला फोनसमोर बसवलं. गाय कशी करते? हम्मा. कुत्रा कसा करतो? भू भू. वा रे पठ्ठ्या! मग काबिश मागून म्हणाले, "आणि शहरातले आजोबा कसे करतात?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, छातीवर मूठ धरली आणि खो खो खो करत लालबुंद होईस्तोवर खोकला. मग टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. आणि मग एकदम कोणीच हसेना.

मी कॅमेरा बंद केला. मग मेदेतला मेसेज टाकला, पोराला खोकला झालाय, तिकडची हवा त्याला मानवत नाही, ताबडतोब इकडे आणा.